डोळा निरोगी हवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतोस, तं जिवाणू-विषाणूवर दहा-पंधरा मिनिटं बोल. पण जेवनाआधी बोलू नको. तुह्यं ऐकून लोक जेवनार नाईत." म्हणून मला ही जेवणानंतरची वेळ मिळाली आहे. रोडगे, वांग्याची भाजी आणि वर मठ्ठा झाल्यावर कोणाचा डोळा लागला तर मी रागावणार नाही. वर्गात आपण काय वेगळं करत होतो?

मठ्ठ्याचा विषय निघालाच आहे, तर तिथूनच सुरुवात करतो. आता आपण सगळ्यांनी मिळून कोट्यवधी जिवाणू पोटात घातले आहेत, आणि कोणालाही काही होणार नाही.

आठवीत विज्ञानाच्या सरांनी कपाटातून शाळेचं एकुलतं सूक्ष्मदर्शक यंत्र काढलं होतं. सर समोर बसले आहेत, त्यांना आठवत असेल. काचेच्या पट्टीवर दह्याचा थेंब पसरवला, दिव्याच्या ज्योतीवरून फिरवून सुकवला, त्यावर निळा रंग टाकून धुतला आणि एकेकाला बोलावलं. माझा नंबर आला तेव्हा मला फक्त माझ्याच पापण्या दिसल्या. माझ्या बाकावरचा मित्र मला ढकलून म्हणाला, "सरक बे, तुले नाई दिसत तं मले पाहू दे." त्याला दिसलं. बारीक निळ्या काड्या. त्याने मला यंत्राचा स्क्रू हळूच फिरवून दिला आणि मग मलाही दिसल्या. मी पुढे आयुष्यभर जे काम केलं त्याची सुरुवात त्या दिवशी झाली, आणि तो स्क्रू त्या मित्राने फिरवला होता. तो आज मागच्या रांगेत बसला आहे. त्याच्याबद्दल मी शेवटी बोलणार आहे, त्यामुळे त्याने कृपा करून उठून जाऊ नये.

त्या निळ्या काड्या म्हणजे जिवाणू. एक जिवाणू म्हणजे एकच पेशी. पण ती स्वतःपुरती पूर्ण. खाते, वाढते, घाण बाहेर टाकते, आणि दोन होते. लांबी साधारण दोन मायक्रॉन. म्हणजे फूटपट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये पाचशे जिवाणू एकामागे एक उभे राहतील. आपल्या प्रार्थनेच्या रांगेपेक्षा सरळ.

त्यांची खरी ताकद दोनाचे चार होण्यात आहे. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू अन्न आणि ऊब मिळाली तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. आपली शाळा ११ ला भरायची आणि ५ ला सुटायची. ११ च्या घंटेला एक जिवाणू होता असं धरा. ५ च्या घंटेला त्याचे २,६२,१४४ होतात. गणिताच्या सरांनी हवं तर ताळा करून पाहावा, दोनचा अठरावा घात आहे. मे महिन्यात उघडं ठेवलेलं दूध संध्याकाळपर्यंत का नासतं, याचं उत्तर या एका हिशेबात आहे. अर्थात हे असंच चालत राहत नाही. अन्न संपतं, त्यांचीच आम्लं त्यांना नडतात आणि वाढ थांबते. दही आंबट होऊन थांबतं ते त्यामुळे.

बहुतेक जिवाणू आपले वैरी नाहीत. तुरीचं, हरभऱ्याचं झाड उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसतात. त्या गाठीत रायझोबियम जिवाणू बसून हवेतला नत्र झाडाला देतात. आपण पोत्याने युरिया आणतो, ते काम हे फुकट करतात. आपल्या आतड्यातले जिवाणूही पचनाला मदत करतात आणि घातक जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत.

रोग करणारे थोडे, पण त्यांच्या तऱ्हा निरनिराळ्या. पटकीचा जिवाणू आतडं कुरतडत नाही. तो एक विष सोडतो आणि त्या विषाने आतड्याच्या पेशी शरीरातलं पाणी आणि क्षार आतड्यात ओतू लागतात. माणूस जिवाणूने मरत नाही, पाणी संपून मरतो. आपल्या आज्यांनी मरीआईच्या नावाने ज्या रात्री काढल्या, त्या रात्री खरं तर पाण्याच्या होत्या. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घोटघोट देत राहिलं असतं, तर त्यातले कितीतरी जीव वाचले असते. साखरेबरोबर मीठ आणि त्यांच्यामागून पाणी आतडं ओढून घेतं. पटकी झाली तरी हा दरवाजा बंद होत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर हेच पाणी पाजून हजारो लोक वाचवले.

दुसरी तऱ्हा कुष्ठरोगाच्या जिवाणूची. त्याला दोनाचे चार व्हायला वीस मिनिटं नाही, जवळपास दोन आठवडे लागतात. म्हणून रोग दिसायला वर्षं लागतात, आणि कोणाकडून आला ते कळत नाही. न कळलं की माणूस पापपुण्य शोधतो. १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांनी हा जिवाणू दाखवला. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं घरच्यांनी रोग्यांना बाहेर काढणं चालूच होतं. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अशा माणसांना जवळ केलं, त्यांना काम दिलं, मान दिला. आज औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो. जिवाणू तोच आहे. आपलं ज्ञान बदललं आणि काही माणसांचं धैर्य कामी आलं.

आता विषाणू.

विषाणूचा शोध माणसाच्या रोगातून लागलेला नाही, झाडाच्या रोगातून लागला. हे आपल्यासारख्या बागाईतदारांच्या गावाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. तंबाखूच्या पानांवर चट्टे पडत होते. १८९२ मध्ये इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने रोगट पानांचा रस चिनीमातीच्या अशा गाळणीतून गाळला की जिच्यातून जिवाणू जाऊ शकत नाही. गाळलेला रस निरोगी पानाला लावला, तर तेही रोगट झालं. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायजेरिंक यांनी ठामपणे सांगितलं की हे जिवाणूपेक्षा वेगळं, काहीतरी निराळंच आहे. तेच विषाणू.

विषाणूला पेशी नसते. तो खात नाही, श्वास घेत नाही, आपला आपण वाढत नाही. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला एक निरोप, एवढाच त्याचा संसार. मग तो वाढतो कसा? मी कॉलेजात मुलांना शिकवतो तेव्हा बरीच उदाहरणं द्यावी लागतात. इथे एकच पुरेल. शेंदूरजनाघाटच्या माणसाला कलम समजावून सांगावं लागत नाही. जंबेरीचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीवर टी आकाराचा काप घेतो, संत्र्याचा एक डोळा आत सरकवतो आणि पट्टी बांधतो. त्या डोळ्याला स्वतःचं मूळ नाही. पण जंबेरीचं मूळ त्याच्यासाठी पाणी ओढतं, अन्न पुरवतं, आणि पाच-सहा वर्षांनी त्या झाडाला जंबेरी नाही, संत्री लागतात. मूळ एकाचं, हुकूम दुसऱ्याचा. विषाणू पेशीत शिरून हेच करतो. पेशीची यंत्रं तीच, कच्चा माल तोच, पण तयार होतात ते विषाणू. शेवटी पेशी थकते किंवा फुटते आणि ते पुढच्या पेशीकडे निघतात. फरक इतकाच की आपण डोळा बांधतो तो झाडाच्या भल्यासाठी.

आता माझ्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. अँटिबायोटिक गोळी जिवाणूच्या भिंतीवर किंवा त्याच्या आतल्या यंत्रांवर घाव घालते. विषाणूला भिंतही नाही आणि स्वतःची यंत्रंही नाहीत. मग गोळी मारणार कोणाला? साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू हे सगळे विषाणूचे. तरी आपण दवाखान्यात जातो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, सुई मारा, कडक गोळी द्या." सर्दी सात दिवसांनी आपली आपण जाते आणि श्रेय गोळीला मिळतं. त्या गोळीने पोटातले बिचारे साधे जिवाणू मरतात. आणि एखादा चिवट असेल तो उरतो, वाढतो, आणि आपली चिवटपणाची युक्ती शेजारच्या जिवाणूलाही देतो. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आधी मरत होती. २०१७ मध्ये आपण विदर्भात काय पाहिलं ते सांगायला नको. जे अळीने केलं तेच जिवाणू करत आहेत, फक्त कितीतरी पट वेगाने. क्षयाचं औषध दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडून देणारा माणूस स्वतःचं नुकसान करतोच, पण आपल्या घरात न मरणारा क्षय तयार करतो.

विषाणूवर उपाय नाही असं मात्र नाही. काहींवर औषधं आहेत. पण मोठा उपाय लस. शरीराला आधीच शत्रूची ओळख करून द्यायची. प्लेगचा जिवाणू मुंबईत माणसं नेत होता तेव्हा हाफकिन यांनी भायखळ्याच्या प्रयोगशाळेत लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. आपल्या आजोबांच्या पिढीत तोंडावर देवीचे व्रण असलेली माणसं गावोगावी होती. आपल्या दंडावर देवीच्या लसीची खूण आहे. आपल्या मुलांच्या दंडावर ती नाही, कारण १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून संपल्याचं जाहीर केलं. तीन पिढ्यांच्या कातडीवर हा इतिहास लिहिलेला आहे.

पण विषाणू थांबत नाहीत, आणि ते नेहमी दूर देशातूनच येतात असंही नाही. चांदीपुरा नावाचा विषाणू १९६५ मध्ये नागपूर भागातल्या तापाच्या रोग्यांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना सापडला. तो वाळूमाशीने पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूवर जातो. आणि फेब्रुवारी २०२१ तर सगळ्यांना आठवतो. देशात करोना ओसरला म्हणत होते आणि आपल्या अमरावतीत रुग्ण एकाएकी वाढले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर पुन्हा बंद झालं. विदर्भातल्या आणि महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन खास बदल एकत्र असलेला विषाणू दिसू लागला होता. त्याच घराण्यातल्या एका शाखेला पुढे मे महिन्यात डेल्टा हे नाव मिळालं. विषाणू आपल्या निरोपाच्या नकला काढताना चुका करतो. बहुतेक चुका त्याच्याच अंगाशी येतात, पण एखादी चूक त्याला जास्त पसरायला मदत करते. जितकी माणसं बाधित, तितक्या नकला, तितक्या चुका. आपल्या वर्गातले दोघे त्या वर्षी गेले. त्यांच्या खुर्च्या आज आपण मांडल्या नाहीत, पण मी मघापासून मोजताना दोनदा चुकलो.

आता मागच्या रांगेकडे येतो.

आमची पन्हेरी होती हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या गावची संत्र्याची कलमं दूरदूरपर्यंत जातात, आणि माझ्या बाबांच्या कलमांना मागणी होती. विहिरीजवळ आमची तीन जुनी झाडं होती. डोळे त्यांचेच काढायचे. बाबा म्हणायचे, "याच्याइतकं गोड फळ गावात कोनाचं हाय?" १९८६ च्या पावसाळ्यात माझ्या बाकावरच्या मित्राच्या वडिलांनी आमच्याकडून चारशे कलमं नेली. आम्ही दोघं बैलगाडीत कलमांवर बसून त्यांच्या वावरात गेलो होतो. खड्डे मोजायचं काम आमच्याकडे होतं आणि आम्ही दोनदा चुकलो होतो.

झाडं लागली, वाढली. पहिला बहार आला तो बेताचाच. मग पानं पिवळी पडू लागली. फळ लहान, एका बाजूने वाकडं, पिकायच्या वेळी देठाकडून रंग यायचा आणि खालचा भाग हिरवाच राहायचा. फोडलं तर आतल्या बिया काळ्या, पोचट. त्याचे वडील आमच्याकडे आले. बाबांनी पान पाहिलं आणि सांगितलं, "जस्त कमी झालं. जस्त मारा." त्यांनी जस्त मारलं. खत दिलं. बोअर खोल केली. १९९६ मध्ये त्यांनी जवळपास पूर्ण बाग काढली. बागेवर घेतलेलं कर्ज बाग गेल्यावरही राहिलं. मित्राला कृषी महाविद्यालयात जायचं होतं. तो वरुडात दुकानावर बसला. एकदा भर बाजारात त्याचे वडील बाबांना म्हणाले, "तुम्ही मले खोटे डोळे देले." बाबा म्हणाले, "माह्या झाडात खोट नाई." त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. आम्हा दोघांचंही.

आता त्या पानांत काय होतं ते सांगतो. जस्त कमी पडलं तर पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा दिसतो. पान आरशात पाहिल्यासारखं. पण संत्र्याचा एक रोग असा आहे की त्यात डाव्या बाजूला एक चट्टा आणि उजव्या बाजूला दुसराच, काही मेळ नाही. त्या रोगाला ग्रीनिंग म्हणतात. तो विषाणूचा नाही, जिवाणूचा आहे. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे आणि फळांकडे नेणाऱ्या नळ्यांत तो राहतो, त्या नळ्या तुंबतात, आणि मूळ उपाशी मरतं. म्हणून खत देऊन झाड सुधारत नाही. अन्न आहे, पण पोहोचत नाही. सिट्रस सिला नावाचा लहानसा किडा रस शोषताना तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. दुसरा रस्ता आपल्या हातातला. रोगी झाडाचा डोळा बांधला की रोग कलमाबरोबर मोफत जातो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. पैसा, यंत्रं, विद्यापीठं सगळं असून तिथलं संत्र्याचं उत्पादन पुढच्या वीस वर्षांत ९० टक्क्यांहून जास्त घटलं. टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक झाडाला टोचलं तर रोग दबतो, कारण तो जिवाणू आहे. पण मुळापासून जात नाही. त्याच नळ्यांत राहणारा दुसरा एक रोग ट्रिस्टेझा. तो विषाणूचा, माव्याने पसरतो. त्याच्यावर ही सुईसुद्धा चालत नाही. त्या शब्दाचा अर्थ दुःख असा आहे. १९३०-४० च्या काळात त्याने ब्राझील-अर्जेंटिनातल्या लाखो झाडांचा घास घेतला. आपल्या आजोबांनी खुंट म्हणून जंबेरी धरली, ती या विषाणूला बऱ्यापैकी तोंड देते, हे आपलं नशीब. पण तीच जंबेरी डिंक्याला लवकर बळी पडते. सगळे गुण एका झाडात मिळत नाहीत.

२००६ मध्ये मी सुटीत घरी आलो होतो. मनात एक शंका बरेच दिवस होती. विहिरीजवळच्या तीन झाडांची पानं मी पिशवीत घातली आणि एका प्रयोगशाळेत तपासायला दिली. तीनपैकी दोन झाडांत ग्रीनिंगचा जिवाणू निघाला. झाडं वरून ठीकठाक दिसत होती. एखाद-दुसऱ्या फांदीवर तसली पानं होती, इतकंच.

मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ त्या झाडांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "मी तं गोडी पाहून डोळे काढले रे बाबू. रोग कसा दिसंन मले?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून तिन्ही झाडं तोडली, निरोगी होतं ते तिसरंसुद्धा. त्यानंतर त्यांनी एकही कलम विकलं नाही. त्या घराकडे मात्र ते गेले नाहीत, आणि मीही गेलो नाही.

शास्त्राचा माणूस म्हणून मला हेही सांगितलं पाहिजे की १९८६ च्या डोळ्यांत तो जिवाणू होताच, हे २००६ च्या तपासणीवरून सिद्ध होत नाही. मधल्या वीस वर्षांत किड्यानेही तो आणला असेल. त्या बागेत डिंक्याही असू शकेल, पाणी कमी पडलं असेल. संत्र्याची बाग बहुधा एकाच कारणाने जात नाही. गेली अठरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण मित्रा, हे सगळं खरं असलं तरी कागद माझ्या हातात होता आणि मी तो तुला दाखवला नाही. तुझ्या बाबांनी बाजारात जे म्हटलं त्यात तथ्य असू शकत होतं, आणि ते जिवंत असताना त्यांना हे ऐकायला मिळायला हवं होतं. जिवाणू डोळ्यांना दिसत नव्हता, म्हणून माझ्या बाबांचा दोष कमी असेल. मला दिसला होता. मी गप्प बसलो. त्याबद्दल सर्वांसमोर तुझी माफी मागतो. तू मला स्क्रू फिरवून दाखवलं होतंस. मी तुला दाखवलं नाही.

आता तिघांना तीन विनंत्या करून थांबतो.

पन्हेरीवाल्यांना: मातृवृक्ष फक्त गोडीवर निवडू नका, तपासलेला घ्या. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत हे काम होतं. फांदीच्या अगदी टोकाचा मिलिमीटरहून लहान कोंब काढून तो प्रयोगशाळेत लहानशा रोपावर बसवतात, कारण बहुतेक वेळा त्या टोकापर्यंत विषाणू पोहोचलेला नसतो. ट्रिस्टेझा ओळखायला तर कागदी लिंबाचं रोप वापरतात. संशयित झाडाचा डोळा त्यावर बांधला की त्याच्या पानांच्या शिरा पांढुरक्या दिसू लागतात. झाडाचा रोग झाडच सांगतं. असे स्वच्छ मातृवृक्ष किडे येणार नाहीत अशा जाळीत ठेवा. चाकू एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना निर्जंतुक करा. गावाचं नाव कलमांवर चालतं. ते एका डोळ्याने जाऊ शकतं.

बाग घेणाऱ्यांना: कलम स्वस्त कुठे मिळतं हे विचारण्याआधी डोळा कोणत्या झाडाचा, हे विचारा. झाडाला दर हंगामात नवी पालवी आली की सिला शोधा. रोगट झाड दिसलं तर त्याची दया येऊन ठेवू नका.

आणि आपल्या सगळ्यांना: तापात आपल्या मनाने गोळी घेऊ नका, डॉक्टरांनी दिलेली अर्धी सोडू नका, नातवंडांच्या लसी चुकवू नका, हात धुवा. गाडगेबाबा याच जिल्ह्यातले. त्यांना सूक्ष्मदर्शक लागलं नाही. त्यांनी झाडूने तेच सांगितलं.

रोग लपवला की वाढतो. जिवाणूचा असो, विषाणूचा असो किंवा मनातला. एवढं कळायला मला फार वर्षं लागली. सर, तुम्ही दाखवलेल्या त्या निळ्या काड्यांबद्दल तुमचे आभार मानतो.



(भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून मित्र पुढे आला. तो काय म्हणाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून इथे लिहितो. तो म्हणाला, "मले मालूम होतं बे. तिन्ही झाडं तोडली तवाच समजलं. तू कधी सांगशीन याची वाट पाहात होतो." पुढच्या आठवड्यात त्याच्या मुलाने नव्या बागेसाठी आणलेली कलमं पाहायला मी जाणार आहे. भिंग घेऊन.)